धार तापते तेव्हा

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत अवजारांच्या एखाद्या दुकानात जाऊन दहा मिलिमीटरचे ड्रिल मागितले, की दुकानदार विचारतो, "साधं देऊ, का हाय स्पीड?" दिसायला दोन्ही ड्रिले जवळजवळ सारखी असतात. किमतीत मात्र बराच फरक असतो. शाळेच्या कार्यशाळेसाठी खरेदी करणारे शिक्षक अनेकदा किंमत ऐकूनच निर्णय घेतात. 'हाय स्पीड' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

हाय स्पीड स्टील म्हणजे द्रुतगती पोलाद. कारखान्यात त्याला नुसते 'एच.एस.एस.' म्हणतात. नाव ऐकून वाटते की हे पोलाद फार वेगाने धातू कापत असावे. प्रत्यक्षात साधे मऊ पोलाद कापताना या पोलादाच्या टूलचा वेग मिनिटाला सुमारे २५ ते ३० मीटर ठेवतात. आपण रस्त्याने सहज चालतो तेव्हा मिनिटाला ८० मीटर तरी जातो. म्हणजे हे 'द्रुतगती' पोलाद आपल्या चालण्यापेक्षाही सावकाश काम करते! मग हे नाव का पडले? कारण त्याच्या आधीची टूल्स याहून कितीतरी सावकाश चालत. आणि ती सावकाश चालवावी लागत, याचे कारण होते उष्णता.

तांदळाच्या दाण्याएवढी भट्टी

लेथवर लोखंडी दांडा फिरतो आहे आणि टूल त्याचा थर काढते आहे, असे डोळ्यांसमोर आणा. चाकूने साबण कापावा तसा धातू कापला जात नाही. टूलच्या टोकापुढे धातू दाबला जातो, एका अरुंद पट्ट्यात सरकतो, वाकतो आणि मग कीस होऊन टूलच्या अंगावरून घासत बाहेर पडतो. या सरकण्यात आणि घासण्यात यंत्राने पुरवलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते.

ही उष्णता किती असते याचा अंदाज विद्यार्थ्यांना काढता येईल. वेग मिनिटाला २५ मीटर, कापाची खोली २ मिलिमीटर आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला टूल ०.२ मिलिमीटर पुढे सरकते असे धरू. मिनिटाला २५,००० × २ × ०.२ म्हणजे १०,००० घन मिलिमीटर धातू निघेल. मऊ पोलादाचा एक घन मिलिमीटर कापायला साधारण अडीच ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे मिनिटाला २५,००० ज्यूल, अर्थात सुमारे ४०० वॉट. घरातल्या विजेच्या इस्त्रीच्या निम्म्याने. इस्त्रीची उष्णता मात्र तळहाताएवढ्या पत्र्यावर पसरलेली असते, आणि येथे ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान जागेत निर्माण होते. यातील बहुतेक उष्णता कीस आपल्याबरोबर घेऊन जातो. पण उरलेला अंश टूलच्या टोकाचे तापमान ५००–६०० अंश सेल्सियसपर्यंत न्यायला पुरेसा असतो.

तेव्हा टूलसाठी नुसती कठिनता पुरत नाही. तापलेले असतानाही ते कठीण राहिले पाहिजे. या गुणाला तप्त कठिनता म्हणता येईल. कारखान्यातील टूल पारखायचे ते या गुणावर.

पाणी चढते, पाणी उतरते

आपल्याकडचे लोहार पोलादाला 'पाणी देतात'. कोयता किंवा छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडवतात, आणि ती कठीण होते. यामागे कार्बनच्या अणूंची करामत आहे. तापलेल्या लोखंडाच्या स्फटिकात कार्बनचे अणू विरघळतात. पोलाद सावकाश थंड झाले, तर हे अणू बाहेर पडून वेगळे कार्बाइड बनवतात आणि पोलाद मऊ होते. पाण्यात बुडवले की त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते आत कोंडले जातात, स्फटिकाची रचना ताणली जाते, आणि त्या ताणलेल्या रचनेत धातूचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट, आणि तीच पोलादाची कठिनता.

पण कोंडलेला कार्बन संधीची वाट पाहत असतो. पोलाद पुन्हा २००–२५० अंशांपर्यंत तापले की कार्बनचे छोटे अणू हलू लागतात, बाहेर पडतात, कार्बाइडाचे कण मोठे होत जातात आणि कठिनता घटते. कारागीर म्हणतात, 'पाणी उतरले'. याची खूण रंगात दिसते. घासून चकचकीत केलेले साधे पोलाद तापवले, तर सुमारे २२० अंशांना त्यावर गवतासारखी पिवळी छटा येते, मग तपकिरी, जांभळी आणि ३०० अंशांच्या आसपास निळी. हे रंग ऑक्साइडाच्या अतिशय पातळ थरामुळे येतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याचेच हे भावंड. साध्या कार्बन पोलादाचे टूल निळे पडले की त्याची धार गेली, असे कार्यशाळेत शिकवतात ते यामुळेच.

म्हणून एकोणिसाव्या शतकात लेथ सावकाश चालवावा लागे. वेग वाढवला की टोक तापे, पाणी उतरे आणि काम थांबवून टूल पुन्हा भट्टीत घालावे लागे.

बिघडल्यानंतर सुधारलेले टूल

या अडचणीतून पहिली वाट काढली ती इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट यांनी. १८६८ साली त्यांनी टंगस्टन मिसळलेले एक पोलाद तयार केले. ते पाण्यात बुडवावे लागत नसे, लाल तापवून नुसते हवेत ठेवले तरी कठीण होई. त्याची टूल्स अधिक वेग सोसत. तरी त्याची खरी ताकद आणखी तीस वर्षे कोणालाच कळली नाही. त्याला कारण होता एक सर्वमान्य नियम: टूलचे पोलाद चेरीसारख्या लाल रंगापलीकडे तापवले की ते बिघडते.

१८९८ च्या सुमारास अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी हा नियम प्रत्यक्ष तपासायला घेतला. त्यांनी मशेटसारख्या पोलादाची टूल्स वेगवेगळ्या तापमानांना तापवली आणि प्रत्येक टूलने किती वेगाने किती वेळ कापले याची नोंद ठेवली. सुमारे ८५० ते ९३० अंशांच्या दरम्यान तापवलेली टूल्स खरोखरच वाईट निघाली. नियम बरोबर ठरला होता, आणि बहुतेकांनी येथेच प्रयोग थांबवला असता. हे दोघे पुढे जात राहिले. तापमान हजार अंशांपलीकडे, थेट पोलाद वितळू लागण्याच्या जवळ नेले, तेव्हा टूल्स सुधारू लागली आणि आधीच्या सर्वांपेक्षा सरस ठरली.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे प्रात्यक्षिक झाले. टूलचे टोक लाल झाले आहे, निळा कीस भराभर बाहेर पडतो आहे, आणि तरीही धार शाबूत आहे, हे दृश्य पाहून युरोपातले अभियंते थक्क झाले. टेलर यांनी १९०६ मध्ये धातू कापण्यावरचा आपला प्रबंध मांडला. त्यामागे २६ वर्षांचे काम, ३० ते ५० हजार प्रयोग आणि आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेतीनशे टनांच्या वर, कीस होता. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे व्यवस्थापनशास्त्रज्ञ म्हणून टेलर अधिक ओळखले जातात आणि त्यासाठी त्यांच्यावर कडक टीकाही झाली. पण कारखान्याचा वेग वाढवण्यात त्या घड्याळाइतकाच वाटा या पोलादाचाही आहे.

जड अणूंची गर्दी

एवढे तापवून काय साधते? आजच्या प्रचलित द्रुतगती पोलादात सुमारे ०.८५ टक्के कार्बन, ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. या धातूंना कार्बनची ओढ लोखंडापेक्षा फार जास्त. ते कार्बनशी घट्ट बांधले जाऊन कठीण कार्बाइडे बनवतात, आणि ही कार्बाइडे सहजासहजी विरघळत नाहीत. ती लोखंडात पुरेशी विरघळावीत म्हणून पोलाद १२०० अंशांच्या वर न्यावे लागते. नेमके त्या तापमानापर्यंत जायला जुना नियम अडवत होता.

पोलाद थंड केले की कार्बनबरोबर हे जड अणूही आत अडकतात. त्यानंतर ते ५५० ते ५६० अंशांना पुन्हा तापवतात. साधे पोलाद या तापमानाला मऊ पडले असते. येथे उलटे घडते. कार्बन टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्याशी जोडला जाऊन अत्यंत बारीक कण सर्वत्र उमटतात आणि कठिनता पुन्हा चढते. या घटनेला दुय्यम कठिनीकरण म्हणतात.

हे कण मोठे का होत नाहीत? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी आठवा. लहान मूल माणसांच्या पायांतून सहज वाट काढते. सामानाने भरलेली हातगाडी मात्र जागची हलत नाही. लोखंडाच्या स्फटिकात कार्बनचा अणू त्या मुलासारखा फटींमधून सरकतो, टंगस्टनचा अणू हातगाडीसारखा अडकून पडतो. कण वाढायचा तर टंगस्टनने तेथे पोचले पाहिजे, आणि ६०० अंशांच्या आसपासपर्यंत त्याला ते फारसे जमत नाही. त्यामुळे कण बारीक राहतात आणि धार टिकते.

ही तापवण्याची क्रिया एकदा करून भागत नाही. पहिल्या थंडाव्यानंतर पोलादाचा काही भाग जुन्या, मऊ रचनेतच राहिलेला असतो. पुन्हा तापवून थंड होताना त्यातून नवे मार्टेन्साइट तयार होते, पण ते ठिसूळ असते. त्यासाठी पुन्हा तापवावे लागते. म्हणून ही क्रिया दोनदा, बहुधा तीनदा करतात. पूर्वी हे काम वितळलेल्या क्षारांच्या कुंडात होई. आता निर्वात भट्ट्याही वापरतात.

अठराच्या जागी अकरा

१९१० च्या सुमारास रूढ झालेल्या द्रुतगती पोलादात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असे. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनची टंचाई झाली आणि बराचसा टंगस्टन काढून मॉलिब्डेनम घालण्याची पद्धत पसरली. अठरा टक्के टंगस्टनऐवजी सहा टक्के टंगस्टन आणि पाच टक्के मॉलिब्डेनम कसे पुरते? अकरावीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा. टंगस्टनचा अणुभार १८४, मॉलिब्डेनमचा ९६. शंभर ग्रॅम जुन्या पोलादात १८ ÷ १८४ म्हणजे सुमारे ०.१० मोल टंगस्टन होते. नव्यात ६ ÷ १८४ अधिक ५ ÷ ९६, म्हणजे सुमारे ०.०८५ मोल. वजन खूप घटले, अणूंची संख्या फारशी घटली नाही. काम करतात ते अणू.

टंगस्टन आपल्या देशात दुर्मीळच. राजस्थानातील देगाणा आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना या भागांत त्याची खनिजे आढळली आहेत, पण गरजेसाठी आपण आयातीवरच अवलंबून आहोत. म्हणून द्रुतगती पोलादाच्या मोडक्या ड्रिलांना भंगारात साध्या लोखंडापेक्षा खूप जास्त भाव मिळतो. शाळेच्या कार्यशाळेत त्यांचा डबा वेगळा ठेवणे शहाणपणाचे.

पुण्यात हे पोलाद कोठे भेटते?

खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ चा. १९४६ मध्ये खडकीतच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो, मुंढव्याला भारत फोर्ज आणि पिंपरीला टेल्को आल्यावर हे शहर इंजिने, गिअर आणि क्रँकशाफ्टचे शहर झाले. भोसरी-चिंचवडच्या छोट्या कार्यशाळा त्यांना सुटे भाग पुरवू लागल्या. इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये तेलासाठी लांब तिरपी छिद्रे असतात. गिअरचे दाते कापायला हॉब लागतो, आतली खाच पाडायला ब्रोच, आटे पाडायला टॅप. ही सारी टूल्स पिढ्यान्‌पिढ्या द्रुतगती पोलादाची होत आली.

त्याला स्पर्धकही आला. टंगस्टन कार्बाइडची टूल्स १९२० च्या दशकात जर्मनीत तयार झाली. ती याहून जास्त उष्णता सोसतात आणि मिनिटाला शंभर-दोनशे मीटर वेगाने पोलाद कापतात. १९६० साली पुण्यात सुरू झालेली सॅन्डविक एशिया याच क्षेत्रातली. मोठ्या कारखान्यांतील लेथवर आता कार्बाइडचेच राज्य आहे. पण कार्बाइड ठिसूळ असते. यंत्र थरथरले, ड्रिल किंचित वाकले की ते तुटते. द्रुतगती पोलाद चिवट असते, स्वस्त असते आणि साध्या ग्राइंडरवर पुन्हा धारेला लावता येते. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिला तर ते आणखी टिकते. म्हणून हाताच्या ड्रिल यंत्रात, टॅपमध्ये, आय.टी.आय.च्या लेथवर ते आजही ठाण मांडून आहे.

शाळेत काय करता येईल?

एका शाळेच्या कार्यशाळेत आम्हाला निळ्या पडलेल्या ड्रिलांनी भरलेला डबा दिसला. 'निळे झाले की गेले' या शिकवणीनुसार ती बाद केलेली होती. आम्ही प्रत्येकावर कानस घासून पाहिली. बहुतेकांवरून कानस नुसती घसरली. ती ड्रिले उत्तम होती, फक्त बोथट झाली होती. एक-दोन मात्र कानशीने सहज खरवडली गेली, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या एकावर 'एच.एस.एस.' असा ठसा होता! चांगली टाकून दिलेली आणि खोटी विकत घेतलेली, अशी दोन्ही एकाच डब्यात निघाली. या परीक्षा म्हणूनच शिकवण्यासारख्या आहेत. त्या शिक्षकांनी स्वतः, चष्मा घालून कराव्यात.

पहिली, उष्णतेची. जाड सुई आणि द्रुतगती पोलादाचे मोडके ड्रिल घ्या. अंधाऱ्या खोलीत दोन्ही सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर तापवा आणि लाली दिसण्याच्या बेतात आली की बाहेर काढा. ते तापमान सुमारे ५०० अंश असते. हवेत थंड होऊ द्या. सुई आधी कटकन मोडली असती, ती आता वाकते, कारण तिचे पाणी उतरले. ड्रिलवर कानस अजूनही घसरते. कानस पीळ असलेल्या भागावरच घासावी. ड्रिलचा मागचा दांडा पुष्कळदा मुळातच मऊ असतो.

दुसरी, ठिणग्यांची. ग्राइंडरवर कार्बन पोलाद लावले की लांब, पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडतात. द्रुतगती पोलादाच्या ठिणग्या आखूड, मंद तांबूस असतात आणि क्वचितच फुटतात. दुकानातून आणलेले 'हाय स्पीड' ड्रिल खरे की खोटे, हे यावरून क्षणात कळते.

तिसरी परीक्षा कागदावरची. दहा मिलिमीटरचे ड्रिल मिनिटाला २५ मीटर वेगाने चालवायचे, तर फेरे २५,००० ÷ (३.१४ × १०) म्हणजे सुमारे ८०० हवेत. घरगुती ड्रिल यंत्र २,८०० फेरे घेत असेल, तर कडेचा वेग ८८ मीटर होतो, साडेतीन पट. टेलर यांच्या सूत्रानुसार द्रुतगती पोलादाच्या टूलचे आयुष्य वेगाच्या साधारण आठव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग दुप्पट केला तर आयुष्य २⁸, म्हणजे २५६ पटींनी घटते. तप्त कठिनतेलाही मर्यादा आहे. चांगली ड्रिले जळतात ती बहुधा याच कारणाने, आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो.

चेरीच्या रंगापलीकडे तापवू नये, हा नियम चुकीचा नव्हता. साध्या पोलादाला तो आजही लागू आहे. निळे पडले की टूल गेले, हाही तसाच. नियम कोणत्या पोलादासाठी होता, एवढेच आपण विसरतो. पुढच्या वेळी दुकानदाराने 'साधं, का हाय स्पीड?' असे विचारले, तर आधी स्वतःला विचारावे की आपली धार किती तापणार आहे. लाकडाला भोके पाडायची असतील तर साधे पुरे. लोखंडाला पाडायची असतील, तर टंगस्टनचे पैसे मोजावेत, आणि घरी आल्यावर ठिणग्या पाहून घ्याव्यात.